टँकरचं पाणी कोणत्या कणांवर पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विक्रोळीत राहता, समोर टॉवरचं काम चालू आहे. बाल्कनीतला छोटा सेन्सर पहाटे पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचा, आकडा ११० दाखवतो. त्याच वेळी सरकारी ॲपवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ९२, म्हणजे ‘समाधानकारक’, आणि फोनमधल्या परदेशी ॲपवर दीडशे. रोज टँकर येऊन रस्त्यावर पाणी मारून जातो. यातलं खरं कोणतं आणि त्या पाण्याने काही होतं का? शिवाय वडील ६८ वर्षांचे, दम्याचे, आणि पहाटे साडेपाचला फिरायला जातात.

हवेतले कण गोळा करून तोलण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी आकडे. ९२ आणि १५० हे दोन्ही बरोबर असू शकतात, कारण दोघांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. हवेच्या एका घनमीटरमध्ये पीएम २.५ समजा ५५ मायक्रोग्रॅम आहे. आपली २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, आणि आपल्या पट्टीवर ६० म्हणजे एक्यूआय १००. त्यामुळे ५५ चे होतात ९२. अमेरिकी पट्टीवर शंभरी ३५ च्या आसपासच भरते, म्हणून तेच ५५ तिथे दीडशेला टेकतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची २४ तासांची शिफारस तर १५ आहे. हवा एकच असते, ‘समाधानकारक’ कशाला म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवलेलं असतं. त्यात आपला सरकारी आकडा मागच्या २४ तासांची सरासरी असतो आणि तुमचा सेन्सर या मिनिटाचं बोलतो. पहाटेचा आकडा सरासरीपेक्षा चढा असणारच, त्याचं कारण पुढे येईल.

सेन्सरच्या ११० चा मात्र वेगळा हिशोब आहे. ते यंत्र कण तोलत नाही. आत एक छोटा लेझर असतो, कणांवरून प्रकाश किती विखुरतो ते पाहून ते वजनाचा अंदाज बांधतं. कवडशात धूळ चमकताना आपण पाहतो ना, तेच तत्त्व. आता मुंबईची पहाट म्हणजे दमट हवा. हवेतल्या बारीक कणांत सल्फेट, नायट्रेट, मीठ असं पाणी ओढणारं बरंच काही असतं. आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत गेली की अमोनियम सल्फेटचा कण व्यासाने दीडपटीहून जास्त फुगतो, आकारमानाने चौपटीच्या वर जातो. सेन्सरला तो फुगलेला कण दिसतो आणि त्यातलं पाणीही तो प्रदूषणातच धरतो. सरकारी केंद्रातलं बीटा किरणांचं यंत्र हवा आत घेताना थोडी गरम करून कोरडी करतं, म्हणून त्याचा आकडा कमी येतो. पण त्या गरम करण्यात अमोनियम नायट्रेटसारखे नाजूक पदार्थ थोडे उडूनही जातात. म्हणजे तेही यंत्र शंभर टक्के साव नाही. तुमचा सेन्सर टाकून देऊ नका. काल आणि आज, पहाट आणि दुपार यांची तुलना करायला तो चांगला आहे. पावसाळी किंवा धुक्याच्या पहाटेच्या त्याच्या आकड्यावर मात्र भांडू नका.

आम्ही तोलतो ते असं. टेफ्लॉनचा ४७ मिलिमीटर व्यासाचा चकतीसारखा फिल्टर, त्यातून मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढायची. दिवसभरात साधारण २४ घनमीटर हवा जाते. ६० मायक्रोग्रॅमच्या हवेत त्या फिल्टरवर जमा होतं दीड मिलिग्रॅमपेक्षाही कमी, मोहरीच्या एका दाण्याहून हलकं. फिल्टर आधी २४ तास ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत ठेवायचा, त्यावरची स्थिर वीज घालवायची आणि मग मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर तोलायचा. आधी कोरा, नंतर भरलेला. चिमटा जरा जोरात लागून फिल्टरच्या कडेचा कपचा उडाला की हवेचं वजन उणे येतं! पहिल्या वर्षी माझ्या वहीत अशा उणे हवेची दोन पानं होती.

आता टँकर. आधी कणाच्या आकाराचं समजून घेऊ, कारण लोकांचा, अधिकाऱ्यांचा आणि कधी कधी आमचाही घोळ तिथेच होतो.

रस्त्यावरची, बांधकामाची धूळ ही दळलेली वस्तू आहे. दगड, सिमेंट, माती घासून, फुटून, भरडून जे होतं ते जाडच राहतं. तिचा बहुतेक भाग २.५ मायक्रॉनच्या वरचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; पीएम २.५ मधला आकडा तोच). धूर ही उलटी प्रक्रिया. तिथे वायू थंड होऊन, एकमेकांना चिकटून लहानाचे मोठे होतात, पण एक मायक्रॉनच्या पुढे सहसा जात नाहीत. म्हणून हवेतल्या कणांची मुळात दोन कुळं आहेत, भरड आणि बारीक, आणि त्यांच्यात रोटीबेटी फारशी होत नाही.

दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे तीन मिलिमीटर खाली येतो. शंभर मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला नऊ-दहा तास लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर उतरायला महिना लागतो, आणि तोवर वारा त्याला कुठल्या कुठे नेतो. दुसरी गोष्ट वजनाची. दहा मायक्रॉनचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचे दहा लाख कण यांचं वजन सारखं भरतं. काट्यावर त्या एका धुळीच्या कणाचं आणि दहा लाख काजळीच्या कणांचं मत समान. फुप्फुसाला मात्र तसं वाटत नाही. भरड कण बहुतेक नाकात, घशात, वरच्या नळ्यांत अडकतात. बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात.

टँकरचं पाणी भरड कुळावर पडतं. रस्ता ओला आहे तोवर चाकाने उडणारी धूळ खरोखर कमी होते. तुमच्यासमोर राडारोड्याचे डंपर ये-जा करत असतील तर ते पाणी, हिरवं कापड, पत्रे आणि चाकं धुण्याची टाकी हे सगळं हवंच. दम्याच्या माणसाला भरड धूळसुद्धा त्रास देते, आणि साइटवरच्या मजुरांसाठी तर सिलिकाची धूळ फारच वाईट. म्हणून टँकर बंद करा असं मी म्हणणार नाही. फक्त तो आला म्हणून पीएम २.५ उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. त्या पत्र्यांच्या आत चालणारा डिझेल जनरेटर पाहा. पत्रा ३५ फुटी असला तरी धूर त्याच्यावरून जातो.

हवेत फवारे उडवणाऱ्या त्या तोफा मात्र मला पटत नाहीत. एक दशांश ते एक मायक्रॉन या आकाराचे कण पाण्याच्या थेंबाला सगळ्यात कमी सापडतात. थेंबावर आदळण्याइतके ते जड नसतात आणि भरकटत जाऊन चिकटण्याइतके हलकेही नसतात. थेंबाभोवतीच्या हवेबरोबर वळसा घालून ते निघून जातात. याला आमच्यात ग्रीनफील्ड गॅप म्हणतात, १९५७ पासून ठाऊक असलेली गोष्ट. पीएम २.५ चं बरंचसं वजन नेमकं त्याच फटीत बसलेलं असतं. ‘मग पावसाने हवा कशी धुतली जाते?’ असा प्रश्न हमखास येतो. पावसात त्यातले बरेच कण आधी ढगातल्या थेंबाचं बीज होतात आणि मग थेंबासकट खाली येतात. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात वारा समुद्रावरून, स्वच्छ आणि जोराचा येतो. तोफेजवळ यातलं काहीच नसतं.

हवा शुद्ध करणाऱ्या मनोऱ्यांचंही एक गणित करून ठेवा, कुणी नगरसेवक सोसायटीच्या सभेत तो विषय काढेल तेव्हा कामाला येईल. दिल्लीत कनॉट प्लेसला ऑगस्ट २०२१ मध्ये जो मनोरा उभा राहिला त्याची घोषित क्षमता सेकंदाला हजार घनमीटर होती. मुंबई महापालिकेचं क्षेत्र ४४० चौरस किलोमीटर आणि वरची मिसळणारी हवा पाचशे मीटर धरली, तर ती हवा एकदा गाळायला अशा एका मनोऱ्याला सुमारे सात वर्षं लागतील. तेवढ्यात वारा ती हवा किती हजार वेळा बदलून जाईल ते तुम्हीच मोजा.

बरं, मग बारीक कण येतात कुठून? इथे फिल्टर तोलून भागत नाही, त्यावर काय आहे ते पाहावं लागतं. प्रत्येक उगमाची काही खूण असते. माती असेल तर ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम. लाकूड-गोवरी जळली तर पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान नावाची एक जळकी साखर. जहाजांचं जड तेल असेल तर व्हॅनेडियम आणि निकेल. समुद्र असेल तर सोडियम आणि क्लोराइड. शेकडो फिल्टरांवरच्या या खुणांचा ताळा जमवून आम्ही म्हणतो की अमुक वाटा वाहनांचा, तमुक चुलीचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांचा असा मोठा अभ्यास करून घेतला, त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही होती.

या खुणा वाचताना मी एकदा सपशेल तोंडावर पडलो. उपनगरातल्या एका गच्चीवर आमचं यंत्र होतं. पहाटेच्या फिल्टरांवर पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान भरपूर, सोबत थोडं शिसंही. मी अहवालाच्या खर्ड्यात ऐटीत लिहिलं की दूरवरच्या शेतांतला धूर रात्रीच्या वाऱ्याने शहरात येतो. वाऱ्याच्या मार्गाचे नकाशे जोडले, रंगीत. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी खर्डा वाचला आणि एवढंच विचारलं, ‘तू खाली गल्लीत उतरून पाहिलंस का?’ दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उतरलो. दोन इमारती सोडून पावाची भट्टी. बाहेर जुन्या दारं-खिडक्यांचं, मोडक्या कपाटांचं लाकूड रचलेलं, वर तेलरंगाचे पापुद्रे. पेट्रोलमधलं शिसं २००० सालीच गेलं होतं, हे शिसं त्या जुन्या रंगातलं. भट्टीवाल्याने चहा पाजला, गरम पाव दिला आणि लाकूड कितीला पडतं तेही सांगितलं. गॅस का परवडत नाही हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कुठल्याही फिल्टरवर दिसणारं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिने दिले, तेव्हा तो माणूस मला आठवला. आदेश योग्यच होता, फक्त त्याच्या कर्जाची सोय कुणी पाहिली का ते मला ठाऊक नाही.

बारीक कणांचा आणखी एक मोठा भाग असा आहे की त्याचं धुराडं दाखवताच येत नाही. तो कण म्हणून कुठूनच बाहेर पडत नाही, हवेतच तयार होतो. कोळसा जळताना गंधकाचा वायू निघतो. त्याचं सल्फेट व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात, तेवढ्यात तो शेकडो किलोमीटर जातो. गाड्यांच्या नायट्रोजनच्या वायूंचं नायट्रेट होतं. शेतातल्या युरियातून, गोठ्यांतून, गटारांतून अमोनिया येतो आणि या सगळ्यांची मोट बांधतो. दिल्लीच्या हिवाळ्यातल्या धुरक्यात क्लोराइडचा हात किती मोठा आहे हे आयआयटी मद्रासच्या सचिन गुंठे यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं. हायड्रोक्लोरिक आम्लाचे वायू अमोनियाशी जुळतात, तयार झालेला कण पाणी ओढतो, फुगतो आणि समोरचं दिसेनासं होतं. प्लॅस्टिक-कचरा जाळणं आणि काही उद्योग हे त्या क्लोरीनचे संभाव्य उगम मानले जातात. २०१६ च्या सुरुवातीला देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं होतं तेव्हाचा वास तुम्हाला आठवत असेल. विक्रोळीपासून ते लांब नाही.

म्हणूनच मला वीजकेंद्रांच्या बाबतीत राग येतो, आणि तो मी लपवत नाही. धुरातलं गंधक काढण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मग मुदतीवर मुदत मिळत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच मिळाली. हे जमणारं काम नाही असं म्हणावं तर डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या केंद्रात ती यंत्रणा २००७ पासून आहे. चिकूच्या बागा वाचवायला लोक कोर्टात गेले, म्हणून ती बसली. राज्यातल्या बाकीच्या बहुतेक केंद्रांच्या वाऱ्याखाली चिकू नव्हते, एवढाच काय तो फरक.

धोरणातही भरड-बारीकचा तोच घोळ आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. आधी २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के घट, पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असं लक्ष्य आलं. शहरांची प्रगती मोजताना प्रत्यक्षात पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांचा आकडा, धरला गेला. पीएम १० मध्ये वजनाने धूळ भारी, म्हणून आकडा उतरवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे झाडू आणि पाणी. अधिकाऱ्याला मी दोष देत नाही, परीक्षेत जे विचारतात तेच मुलं पाठ करतात. पीएम २.५ वर गुण दिले असते तर पैसा झाडूच्या गाड्यांऐवजी भट्ट्या, डिझेल, कचऱ्याची आग आणि घरातला गॅस यांकडे गेला असता. घरातला गॅस ही बारीक गोष्ट नाही. आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन यांनी २००५ मध्येच दाखवलं होतं की दक्षिण आशियातल्या काजळीत घरच्या चुलींचा वाटा फार मोठा आहे. शहराची हवा शहराच्या हद्दीवर थांबत नाही. पालघर-रायगडच्या पाड्यांवरची चूल तुमच्या बाल्कनीपर्यंत पोचते.

राहिला हिवाळा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे उपयोगी पडतं. हिवाळ्याच्या रात्री जमीन समुद्राहून थंड होते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे संथ वाहतो. येताना ठाणे, भिवंडी, नवी मुंबईचा धूर सोबत आणतो. त्याच वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार होऊन भांड्यावर झाकण पडतं. धूर तेवढाच, भांडं उथळ. सूर्य चढतो, जमीन तापते, झाकण उचललं जातं आणि दुपारच्या सुमारास खारा वारा सुटून हवा पालटते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबई दिवसेंदिवस धुरकटलेली राहिली आणि लोकांना वाटलं, एकाएकी एवढे कारखाने कुठून आले? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा उभी करणारे गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या ‘ला निना’शी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याशी, जोडला. वाऱ्यांची नेहमीची घडी बिघडली, उत्तरेला तुलनेने बरी हवा मिळाली आणि द्वीपकल्पातली शहरं गुदमरली. यात एक धोका आहे. वारा चांगला लागला की पुढच्या वर्षी आकडे आपोआप उतरतात आणि श्रेय टँकरला मिळतं. धूर खरंच घटला का हे कळायला हवामानाचा हिस्सा वजा करावा लागतो, आणि तो वजा करून छापलेला आकडा मी वर्तमानपत्रात क्वचितच पाहिला आहे.

आता वडिलांचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे साडेपाच ही मुंबईत चालायला सगळ्यात वाईट वेळ. झाकण घट्ट बसलेलं, मतलई वारा मंद, भट्ट्या पेटलेल्या, रखवालदारांच्या शेकोट्या धुमसत असलेल्या. पहाटेची हवा शुद्ध हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं असणार, ते मोडणं कठीण जाईल. त्यांना सेन्सर दाखवा. एक दिवस पहाटेचा आणि एक दिवस दुपारी चारचा आकडा वहीत लिहायला सांगा, आठवडाभर. आर्द्रतेची चूक धरूनही फरक दिसेल. दुपारी चार-साडेचारला, खारा वारा चालू असताना, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत चालू द्या. महामार्गाच्या कडेच्या काजळीचा जोर शे-दोनशे मीटरमध्ये बराच ओसरतो. पावसाळ्यात खुशाल पहाटे जाऊ देत. ज्या दिवशी समोरचा टॉवर ओळखू येत नाही त्या दिवशी घरातच फेऱ्या. बाहेर जावंच लागलं तर नाकाला नीट बसणारा एन ९५, कारण कापडी रुमाल बारीक कणांना जवळपास काहीच अडवत नाही. इनहेलरचं प्रमाण मात्र ॲप पाहून बदलू नका, ते डॉक्टरांचं काम.

आणि सेन्सर बाल्कनीत नेमका कुठे लावला आहे ते बघा. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ असेल तर हलवा. माझ्या घरी फोडणी बसली की माझा सेन्सर तीनशे दाखवतो.